वाचकांचे प्रश्न : वृद्धाश्रमातली दुपार

वृद्धाश्रम निवडताना काय पाहावं, याबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच ठिकाणी येऊन थांबतात : तिथं गेल्यावर माणूस दिवसभर करतो काय? मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानं किंवा वयानं अडलेली रोजची कामं माणसाला पुन्हा करता यावीत यासाठी मदत करणारी. हॉस्पिटलची नोकरी सोडल्यापासून माझं बहुतेक काम पुणे, सातारा, सांगली या भागातल्या वृद्धाश्रमांतच होतं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या जगण्यातला आहे. पाच पत्रं निवडली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचा वृद्धाश्रम आहे. चौतीस आजी-आजोबा आहेत. सकाळी प्रार्थना, अकरा वाजता पेपरवाचन, चारला भजन, संध्याकाळी टीव्ही असा कार्यक्रम आम्ही नियमित घेतो. पण येणारे तेच सहा-सात, बाकीचे कॉटवर. परवा एका देणगीदारानं विचारलं, ‘प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे काही करता का?’ दिवसपाळीला दोनच मावशी असतात. चौतीस जणांच्या चौतीस आवडी आम्ही कशा पुरवायच्या?
— एक व्यवस्थापक

उत्तर : ‘येणारे तेच सहा-सात, बाकीचे कॉटवर’ ही तुमची ओळ मी अधोरेखित करून ठेवली आहे. कॉटवरची माणसं आळशी नाहीत. हॉलमध्ये त्यांच्यासाठी काही चाललेलंच नसतं. भजनाची गोडी ज्याला आधीपासून आहे तो टाळ घेऊन येतो. ज्यानं उभी हयात गुऱ्हाळावर काढली आणि देवळात फक्त जत्रेपुरता गेला, तो ऐंशीव्या वर्षी अचानक अभंग म्हणायला का बसेल?

वेळापत्रक काही दिवस आहे तसं चालू द्या आणि त्याच्या मागून माणसं ओळखायला लागा. तुमच्या प्रवेश अर्जात ‘छंद’ असा रकाना असणार. तो बहुतेकांचा रिकामा असतो, नाहीतर तिथं ‘वाचन, टीव्ही’ असं मुलानं घाईत लिहिलेलं असतं. पहाटे चारला उठून जात्यावर बसलेल्या, मग रानात गेलेल्या बाईला छंद विचारला तर ती म्हणणार, ‘कसला छंद, बाई!’ तिला वेगळं विचारावं लागतं. सकाळी उठल्यावर तुमचं पहिलं काम कुठलं असायचं? गावात तुम्हाला कशासाठी बोलावणं यायचं? बाजार कोण करायचं? घरातलं कुठलं काम तुम्ही दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीत? या शेवटच्या प्रश्नाला मी आजवर कुणाला गप्प बसलेलं पाहिलं नाही. आणि हे विचारताना समोर कागद-पेन घेऊन बसू नका. नखं कापताना, वेणी घालताना, चहा घेताना विचारा.

एका आश्रमातल्या आजोबांबद्दल मला सांगण्यात आलं होतं की त्यांना कशातच रस नाही. चौकशी केल्यावर कळलं की ते कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते. गुळव्या म्हणजे काय हे तुमच्या भागात मी सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते : काहिलीतला उकळता रस नेमका कोणत्या क्षणी उतरवायचा हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो माणूस. चार क्षण इकडेतिकडे झाले की गूळ बसत नाही, नाहीतर करपतो. संक्रांतीच्या आधी स्वयंपाकघरात चिक्कीचा पाक चालला होता. त्यांची खुर्ची दाराशी, आचेपासून लांब ठेवली, शेजारी स्टुलावर पाण्याची वाटी. स्वयंपाकाच्या ताई पळीनं पाकाचा थेंब वाटीत सोडत होत्या आणि आजोबा तो बोटांनी चाचपून बघत होते. ‘अजून न्हाई.’ दुसरा थेंब. ‘अजून.’ तिसरा वाटीच्या काठावर आपटून त्याचा टणक आवाज ऐकला आणि एकदम ओरडले, ‘उतरवा!’ दोन खोल्या पलीकडे ऐकू गेलं. त्यानंतर त्या घरात पाक कुठलाही असो, लाडवाचा असो की गुळांब्याचा, त्यांना विचारल्याशिवाय उतरत नाही. याला वेगळा तास लागला नाही, वेगळा माणूस लागला नाही आणि खर्च तर काहीच नाही.

तुमच्या दोन मावशींचं उत्तर इथंच आहे. चौतीस नवे कार्यक्रम आखायचे नाहीत. आश्रमात जी कामं रोज होतातच, त्यांत कुणाला कुठं जागा आहे हे बघायचं. कुणी पेपर घडीवर लावील, कुणी देवघरातल्या वाती वळेल, कुणी फक्त तुळशीला पाणी घालील, कुणी गेटवर बसून दूधवाल्याच्या लिटरांचा हिशोब ठेवील. निवृत्त तलाठ्याला हजेरीचं रजिस्टर द्या, बघा कसं स्वच्छ राहतं ते.

प्रत्येकाच्या कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवा. त्या गुळव्या आजोबांचं असं होतं : ‘आबा म्हटलेलं आवडतं. पहाटे पाचला उठतात, चहा लगेच हवा. कुस्तीची बातमी वाचून दाखवावी. डाव्या कानानं चांगलं ऐकू येतं, त्या बाजूला बसावं. जमिनीच्या वाटणीचा विषय काढू नये.’ एवढंच. बदलीवर आलेल्या मावशीलाही पहिल्या दिवशी त्यातून धागा मिळतो. कार्ड मावशींनीच भरावं, ऑफिसनं नव्हे, कारण अंघोळीच्या वेळी माणूस जे बोलतो ते ऑफिसात बोलत नाही.

देणगीदारांचा प्रश्न योग्यच आहे. आपल्याकडच्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम १९ मध्ये वृद्धाश्रमांच्या बाबतीत वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधनं यांचा उल्लेख आहे, आणि बहुतेक ठिकाणी भिंतीवर टीव्ही लावला की ती गोष्ट पुरी झाली असं धरलं जातं. अमेरिकेत नर्सिंग होमच्या सुधारणेचा कायदा १९८७ साली झाला. तिथं आज जो मूल्यमापनाचा फॉर्म भरतात, त्यात राहणाऱ्या माणसालाच विचारायचं असतं : आपले कपडे आपण निवडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? झोपायची वेळ स्वतः ठरवणं? आवडीचं संगीत, प्राण्यांचा सहवास, बातम्या, मोकळ्या हवेत जाणं, धार्मिक गोष्टी? त्यातला कपड्यांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. दोन लुगडी समोर धरून ‘आज कुठलं?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो? अमेरिकेतल्याच कनेक्टिकट राज्यात १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका नर्सिंग होममध्ये प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना कुंडीतलं रोप निवडायला आणि स्वतः सांभाळायला दिलं, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा हेही त्यांच्यावर सोपवलं. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण ‘नर्स पाणी घालतील’ असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हुशारीत आणि जास्त हिंडती-फिरती दिसली. अभ्यास लहान होता, पण त्यातली गोष्ट रोज माझ्या डोळ्यांसमोर घडते.

आणखी एक. ‘नको’ हेही उत्तर आहे, त्याचा मान ठेवा. एखाद्याला खिडकीशी एकटं बसणंच आवडतं, आयुष्यभर आवडत आलेलं असतं. त्याला हाताला धरून अंताक्षरीत आणू नका. मात्र जो आधी येत होता आणि आता येत नाही, ज्याचं जेवण कमी झालं, झोप मोडली, आणि हे दोन आठवडे चाललंय, त्याला डॉक्टरांना दाखवा. म्हातारपणातलं नैराश्य बरं होतं. ‘वयच झालं आता’ म्हणून ते सोडून देणं हा अन्याय आहे.

प्रश्न : माझी आई पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे. दरमहा चांगली रक्कम भरतो. गेल्या भेटीत ती इतर बायकांबरोबर मेथी निवडत बसलेली दिसली. संध्याकाळी तिनं वाटाणेही सोललेत असं कळलं. घरी आम्ही तिला कामाला हात लावू देत नव्हतो. पैसे भरून आईला कामाला लावायचं, हे मला पटत नाही. तक्रार करावी का?
— एक मुलगा

उत्तर : तक्रार करण्याआधी आईशेजारी तासभर बसा, आणि जमलं तर तुम्हीही एक जुडी हातात घ्या. तिचे हात चालत असताना ती काय बोलते ते ऐका.

तुमची शंका मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण असं होतं. माणसं कमी म्हणून राहणाऱ्यांकडून काम काढून घेणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. फरक ओळखायला सोपा आहे. आईनं उद्या ‘आज माझं मन नाही’ म्हटलं तर काय होतं ते बघा. कुणी तोंड वाकडं केलं, स्वयंपाक अडला, तर ते राबवून घेणं झालं, आणि मग तक्रार जरूर करा. काहीच अडलं नाही, मावशी ‘बरं, आजी’ म्हणून जुडी दुसरीकडे घेऊन गेली, तर निर्धास्त राहा. तिला पाठीला टेकायला मिळतं का, उजेड पुरेसा आहे का, मध्येच लघवीला उठता येतं का, हेही बघा. हिरव्या ताटात हिरवी मेथी असेल तर मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ती दिसतच नाही. पांढरा कपडा अंथरला की निम्मा त्रास वाचतो.

घरी तुम्ही तिला कामाला हात लावू देत नव्हता, ते प्रेमानंच. पण तुमच्या आईच्या पिढीतल्या बाईला सुगरण म्हणून, कष्टाळू म्हणून मान मिळालेला असतो. सगळं काढून घेऊन ‘आई, तू फक्त बस’ म्हटलं की तिला घरात पाहुणी झाल्यासारखं वाटतं. मेथी निवडताना ती पिवळं पान बाजूला काढते, कोवळी देठं ठेवायला सांगते, शेजारणीला ‘एवढी जाड काडी ठेवतात का?’ म्हणून दटावते. तिथं तिला कळतं आणि दुसरीला कळत नाही. ही जागा तिला परत मिळाली आहे.

उलट मला संताप येतो तो दुसऱ्याच एका प्रकाराचा, आणि तो अनेक चकचकीत, महागड्या ठिकाणीही चालतो. ऐंशी वर्षांच्या माणसापुढे लहान मुलांचं रंगवायचं पुस्तक ठेवायचं, त्यात हत्ती आणि फुगा, आणि रंगवून झालं की टाळ्या वाजवून ‘शाब्बास बाळा’ म्हणायचं. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकायचा. ज्या बाईनं सात पोरांची लग्नं लावली तिला ‘बाळा’? रंगांची आवड असेल तर तिला रांगोळी द्या, पाटावर ठिपके काढू द्या, वाकवत नसेल तर टेबलावर. गोधडीचे तुकडे जुळवायला द्या. चित्रकार असेल तर चांगला कागद आणि खरे रंग द्या. असा फोटो तुमच्या आईचा आला तर त्याची तक्रार नक्की करा.

प्रश्न : माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, अल्झायमर आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका आश्रमात ठेवलं आहे. दिवसभर शांत असतात, पण साडेचार-पाच वाजले की उठून गेटकडे जातात. ‘ड्युटी आहे, गाडी लागली’ म्हणतात. अडवलं तर चिडतात, एकदा तिथल्या मामांच्या (सेवकाच्या) अंगावर हात टाकला. आता संध्याकाळी त्यांना खुर्चीला बांधून ठेवतात. मी नाशिकला असते. रात्री झोप लागत नाही.
— एक मुलगी

उत्तर : सर्वांत आधी, बांधणं थांबवायला सांगा, आजच्या आज, फोनवर. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, पडतो, त्याची कातडी सोलवटते, भीती वाढते आणि दुसऱ्या दिवशी तो जास्तच हिंसक होतो. सांगून ऐकलं नाही तर एल्डरलाइनचा १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, तिथं कळवा. हे गेटकडे धावणं अचानक सुरू झालं असेल तर डॉक्टरांकडून लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, कुठं दुखणं, नवी गोळी, हे आधी तपासून घ्या. या आजारातल्या माणसाला ‘पोट दुखतंय’ असं सांगता येत नाही, तो चिडचिडीतून सांगतो.

ते सगळं ठीक असेल तर उरतं ते हे की तुमच्या वडिलांची संध्याकाळची पाळी लागली आहे. दिवस मावळायला लागला की स्मृतिभ्रंशातली बरीच माणसं कासावीस होतात. थकवा, कमी होणारा उजेड, पाळी बदलताना होणारी मावशींची धावपळ, सगळं एकदम येतं. त्या वेळी मन सवयीच्या वाटेला जातं, आणि त्यांच्या मनाची वाट एसटी स्टँडकडे जाते.

आज सकाळी काय खाल्लं हे त्यांना आठवणार नाही, पण वर्षानुवर्षं हातानं केलेलं काम मेंदूत दुसऱ्या ठिकाणी साठवलेलं असतं आणि ते खूप उशिरापर्यंत टिकतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ कॅमेरून कॅम्प यांनी याच भरवशावर लहान मुलांना शिकवायची मॉन्टेसरी पद्धत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वळवून घेतली. मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या होत्या, आणि त्या पद्धतीला आपल्या मातीतल्या वस्तूंची जोड देऊन ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि कोसबाडला बालवाडी उभी केली, ते मराठी वाचकांना माहीत आहे. तत्त्व तेच आहे : खरी वस्तू हातात द्या, काम पायरीपायरीनं मांडा, चुकता येणार नाही अशी मांडणी करा. फक्त लहान मुलांची खेळणी आणू नका, त्यांच्या आयुष्यातल्या वस्तू आणा.

तर आता हे करा. जुन्या पद्धतीची चामड्याची किंवा रेक्झिनची खांद्याला लावायची बॅग मिळवा. रंगीत कागदाची, प्रत्येक किमतीचा रंग वेगळा, अशी तिकिटं कापा आणि गड्ड्या करा. पत्र्याचा खणांचा डबा द्या. ऑफिसातला कागदाला भोक पाडायचा साधा पंच चालेल. वे-बिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदासारखे, रकाने आखलेले कागद द्या, अक्षरं ठळक आणि मोठी. खरी नाणी द्यायची असतील तर कुणीतरी समोर असतानाच, कारण ती तोंडात जाऊ शकतात. आणि हे पाचला देऊ नका, चारला द्या, कासाविशी सुरू व्हायच्या आधी. त्याआधी लघवीला नेऊन आणा, चहा द्या, खोलीतले दिवे लावून घ्या.

मी असे एक कंडक्टर पाहिले आहेत. डबा पुढ्यात आल्यावर त्यांनी आधी काही केलं नाही, नुसता अंगठा गड्डीच्या कडेवरून फिरवला. मग विस्कटलेली तिकिटं किमतीप्रमाणे खणात लावू लागले, प्रत्येक गड्डी टेबलावर आपटून कड सारखी करून. त्यांना ‘बाबा, तुमच्या रूटवर कुठली गावं होती, आठवतं का?’ असं विचारलं तर ते गोंधळायचे. ‘आठवतं का’ हा शब्दच टाळा, तो परीक्षेसारखा टोचतो. पण समोर बसून कुणी ‘एक भुईंज द्या’ म्हटलं की तिकीट निघायचं, आणि मागून आपोआप यायचं : ‘स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ, खंडाळा, सुरूर, भुईंज…’ खंबाटकी घाटात गाडी गरम व्हायची, ती गोष्टही यायची. तासाभरानं मावशीनं वे-बिलावर सही घेतली आणि ‘ड्युटी संपली, हात-पाय धुवा, जेवायला चला’ म्हटलं की ते बॅग काढून खुंटीला अडकवायचे. ड्युटीला शेवट असतो, तो रोज त्याच शब्दांत झाला पाहिजे.

हे खोटं बोलणं नाही का, असं मला अनेक मुलं विचारतात. बाहेर गाडी उभी आहे असं आपण त्यांना सांगत नाही. ‘गाडी लागली का?’ असं त्यांनी विचारलं तर ‘आज कुठली गाडी?’ एवढं विचारा आणि त्यांच्याबरोबर अंगणात दोन फेऱ्या मारा. चालणं ही त्यांची खरी गरज आहे. गेटपासून पुन्हा दारापर्यंत वळून येता येईल अशी वाट असली की बरंच भागतं.

तुम्ही लांब आहात म्हणून स्वतःला दोष देत बसू नका, तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आश्रमात कुणाकडेच नाही. वडिलांचा डेपो कुठला, सोबतचे ड्रायव्हर कोण, मुक्कामी गाडी कुठल्या गावाला असायची, डब्यात काय न्यायचे, हे सगळं आठवून चार पानं लिहा आणि आश्रमाला पाठवा. फोनवर वाचून दाखवा, मामांनाही ऐकू द्या. ज्यांच्यावर हात उगारला गेला त्या मामांना हा माणूस कोण होता हे कळणं फार गरजेचं आहे.

प्रश्न : आमचं एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) युनिट दर वर्षी १ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, वृद्धाश्रमात जातं. फळवाटप, गाणी, नृत्य असा कार्यक्रम असतो. यंदा काही वेगळं करायचं आहे. काय करता येईल?
— एक विद्यार्थिनी, बारामती

उत्तर : साठ जणांनी एक दिवस जाऊ नका, सहा जणांनी वर्षभर जा. दर पंधरवड्याला तोच मुलगा त्याच आजोबांकडे. ऑक्टोबरात आश्रमांत इतके पाहुणे येतात की आजी-आजोबा थकून जातात, आणि जानेवारीत फाटकाकडे कुणी फिरकत नाही.

गाऊन दाखवण्यापेक्षा शिकायला जा. मोडी वाचणारे आजोबा अजून आहेत, त्यांच्याकडून मोडी शिका. सोळा आण्यांचा रुपया कसा मोडायचा ते विचारा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, तेव्हा बाजारात उडालेला गोंधळ ज्यांनी लहानपणी पाहिला ती माणसं तुमच्यासमोर बसलेली आहेत. पुण्याकडचे असतील तर १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, पाटण-कराडकडचे असतील तर ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, आणि बारामतीकडच्या आजींनी बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली असेल, तिथं खायला वाटलेली सुकडी खाल्ली असेल. पण दुःखाचा विषय त्यांनी स्वतः काढला तरच पुढे न्या. जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आजी भेटल्या तर त्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड करा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या संशोधकांनी आपल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या, त्या आजी-काकूंसारख्याच बायकांकडून.

फोटो विचारून काढा. फळं नेताना मधुमेह कुणाला आहे ते ऑफिसात विचारा. आणि ‘पुन्हा येऊ’ असं म्हणाल तर तारीख सांगून या आणि त्या तारखेला जा.

प्रश्न : मी एका वृद्धाश्रमात मावशी म्हणून काम करते. आठवी शिकले आहे. माझ्याकडे एक आजी आहेत, त्यांची उजवी बाजू गेली आहे, बोलता येत नाही, कशालाही नुसतं ‘हो हो’ म्हणतात. कॉटवरच असतात. घरचं कुणी फारसं येत नाही. बाकीच्यांना हॉलमध्ये काही ना काही असतं, यांच्यासाठी काय करावं ते कळत नाही. त्यांना काय आवडतं ते तरी कसं कळणार?
— एक मावशी, कल्याण

उत्तर : मावशी, तुमचं पत्र माझ्या टेबलावर सगळ्यात वर ठेवलं होतं. त्या आजींच्या सर्वांत जवळ तुम्ही आहात. अंघोळ, वेणी, जेवण, कूस बदलणं, एवढा वेळ त्यांना डॉक्टर देत नाहीत आणि मीही देऊ शकणार नाही.

उजवी बाजू जाते तेव्हा बरेचदा बोलण्याचं केंद्रही दुखावलेलं असतं. पण बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नाही. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल दुसऱ्याशी बोलू नका, त्यांना बहुतेक ऐकू येतंय आणि समजतंयही. त्यांचं ‘हो’ मात्र खरं धरू नका, अशा आजारात ‘नाही’ म्हणायचं असलं तरी तोंडातून ‘हो’च बाहेर पडतं. म्हणून तोंडी विचारण्याबरोबर दाखवा. दोन गोष्टी हातात धरा, दोन साड्या, किंवा चहा आणि दूध. त्यांच्या डाव्या बाजूला धरा, कारण उजवीकडचं काही जणांना दिसत नाही. आणि थांबा. मनात सावकाश दहा अंक मोजा. नजर कुठं ठरते, डावा हात कुठं सरकतो, तेच उत्तर.

आता गंमत बघा. ज्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही त्यांना कधीकधी आरती म्हणता येते, पाढे म्हणता येतात, कारण तालावर पाठ झालेलं मेंदू वेगळं सांभाळतो. वेणी घालताना तुम्ही ‘बे एके बे’ सुरू करा, ‘बे दुणे’ म्हणून थांबा. आजी मुसलमान किंवा ख्रिस्ती असतील तर त्यांच्या प्रार्थनेतली ओळ कुणाकडून तरी शिकून घ्या. आली तर आली, नाही आली तरी ऐकताना त्यांचा चेहरा बघा, भुवया बघा. एखाद्या गाण्याला पाय हलला तर ते गाणं लक्षात ठेवा. बकुळीचं फूल, ओवा, बाजारातून आणलेली कोथिंबीर, हे नाकाशी धरून बघा. नाकातोंडाच्या हावभावावरून कोकणातल्या की देशावरच्या, तेही तुम्हाला कळेल. कॉटची दिशा बदलून खिडकी त्यांच्या डाव्या बाजूला येते का ते बघायला सांगा.

उजवा हात धरून त्यांना कधीही ओढू नका, खांदा निखळतो. तो हात उशीवर ठेवा, कोमट पाण्यानं पुसा, तळव्याला हलकं तेल लावा. भरवताना ताठ बसवा, ठसका लागत असेल तर त्याच दिवशी नर्सबाईंना सांगा.

वर पहिल्या उत्तरात मी ज्या कार्डाबद्दल लिहिलं आहे, ते या आजींसाठी तुम्हीच सुरू करा. अक्षर कसंही असू दे. पहिल्या दिवशी एकच ओळ लिहा, ‘निळी साडी घेतली’ एवढीच असली तरी चालेल. रात्रपाळीच्या मावशीला ते वाचायला सांगा, आणि आजींचे कुणी नातेवाईक आलेच तर बोलणं ऑफिसात होण्याआधी तुम्हाला बोलवायला सांगा, म्हणजे तुम्ही विचाराल की यांच्या घरी सकाळी पहिलं काय असायचं. व्यवस्थापकांनी हरकत घेतली तर हा अंक त्यांना दाखवा.